बापू भाव काढतात

बापूंना चित्र काढायला चार दिवस लागतात आणि त्याची किंमत काढायला चार महिने. चित्र एकदा कागदावर उतरलं की बदलत नाही. किंमत मात्र सकाळी चहाबरोबर नवी निघते, दुपारी उन्हाने उतरते आणि रात्री नाशिकहून पुतण्याचा फोन येईपर्यंत पुन्हा चढून बसलेली असते.

असा माणूस फक्त शहाद्यातच सापडतो असं मुळीच नाही. डोंबिवलीत तो क्रोशाचे रुमाल विणतो, सावंतवाडीत लाकडी फळं रंगवतो, न्यू जर्सीत दिवाळीच्या तोंडावर आकाशकंदील करतो. ओळखायची खूण एकच. हाताने केलेली वस्तू उचलून "केवढ्याला?" विचारलं की तो आधी वस्तूकडे बघतो, मग विचारणाऱ्याच्या चपलांकडे बघतो आणि म्हणतो, "तुम्हीच बोला." तुम्ही बोललात तर दुखावतो. न बोलता वस्तू खाली ठेवलीत तर जास्त दुखावतो. आणि "वा, काय सुरेख आहे!" म्हणालात तर वस्तू तुम्हाला फुकट देऊन टाकतो नि रात्रभर तळमळतो.

बापू शहाद्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनी तालुक्याच्या दोन पिढ्या बसवल्या. त्यांच्या हाताखालची निम्मी पोरं आज पपई पिकवतात, पण बांधावरच्या झाडाची सावली कुठल्या बाजूला काळी धरायची हे त्यांना अजून पाठ आहे. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. दक्षिण काशी म्हणवणारं प्रकाशा तालुक्यातच असल्यामुळे बापूंची ती यात्रा एका सकाळीत आटोपली. मग त्यांनी कपाटातून शाळेच्या वेळचं लिनोलियम काढलं, कोरण्यांना धार लावली आणि ठसे कोरायला बसले. तोरणमाळचा यशवंत तलाव, सारंगखेड्याचे घोडे, काठीच्या राजवाडी होळीत मोरपिसांचे उंच टोप घालून रात्रभर नाचणारे बुध्या, नंदुरबारच्या मिरची पथारीवर लाल ढिगात वाकलेल्या बाया.

लिनो गार असलं की कडक असतं, कोरणी घसरते आणि अंगठ्यात शिरते. थंड मुलुखातले चित्रकार त्यावर म्हणे इस्त्री फिरवतात. आमच्याकडे मे महिन्यात लिनो ओट्यावर नुसतं ठेवलं तरी पुरतं. जास्त वेळ ठेवलं तर उचलायला सांडशी लागेल. जे कोरलं ते पांढरं राहतं, जे ठेवलं ते काळं उमटतं, आणि सगळं उलटं उमटतं. ही शेवटची गोष्ट बापूंनी मुलांना तीस वर्षं शिकवली आणि स्वतःच्या पहिल्याच ठशावर 'सारंगखेडा' हे नाव सुलटं कोरलं. कागदावर ते असं उतरलं की, शेजारच्या दुकानदाराने "उर्दूत छान लिहिलंय" म्हणून दाद दिली.

छापायचं यंत्र बापूंकडे नाही. ठशावर रोलरने शाई लावायची, वर कागद अंथरायचा आणि डावाच्या पाठीने घासायचं. डाव वहिनींचा, वरणातला. तेव्हापासून त्यांच्या घरी वरण वाटीने वाढतात.

आता किंमत. पुतण्याने इन्स्टाग्रामवर बापूंचं खातं उघडून दिलं, फोटो चढवले, आणि विचारलं, "काका, किंमत काय टाकू?" बापू म्हणाले, "उद्या सांगतो." तो उद्या अजून चालू आहे.

पहिल्यांदा त्यांनी वहीत हिशोब मांडला. लिनो १८० रुपये, शाई २४०, कागद खराब होणारे धरून तीस, म्हणजे ६६०. माल झाला १०८०. राहिली मजुरी. कोरायला चार दिवस, छापायला दोन. एका दिवसाचे किती धरायचे? बापूंनी सरकारी दर शोधला. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये. सहा दिवसांचे १८७२. सगळी बेरीज २९५२, भागिले पंचवीस प्रती. उत्तर आलं ११८ रुपये ८ पैसे.

बापूंनी त्या आठ पैशांकडे बराच वेळ पाहिलं. मग पान उलटून दुसरा हिशोब मांडला. निवृत्तीच्या वेळचा पगार दिवसावर वाटला तर साधारण तीन हजार. सहा दिवसांचे अठरा हजार, अधिक माल, भागिले पंचवीस. ७६३ रुपये २० पैसे.

"म्हणजे बघा," ते मला म्हणाले, "रोजगार हमीवरचा मी ११८ चा आणि सातव्या वेतन आयोगातला मी ७६३ चा. हात तेच, कोरणी तीच, अंगठ्याची जखमसुद्धा तीच."

वहिनी तेव्हा बिबड्या मोजत होत्या. त्या ज्वारीच्या बिबड्या आणि उडदाचे पापड करून विकतात. त्यांचा दर ठरवायला मी कधी वही पाहिलेली नाही. ज्वारीचा भाव वाढला की त्या पाकिटातल्या दोन बिबड्या कमी करतात, फार वाढला तर दहा रुपये वाढवतात, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणतात, "मग घरी करा ना, सोप्या आहेत." घरी कुणीच करत नाही. बापूंचा दर ठरवण्याची तयारी वहिनींनी अनेकदा दाखवली, पण बापूंच्या मते कला आणि बिबडी यांत फरक आहे. फरक मला एकच दिसतो. बिबड्या संपतात.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण बापू वाचणारे. त्यांनी इतिहासाला हात घातला. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. देवादिकांची चित्रं राजेरजवाड्यांच्या महालातून निघून घराघरातल्या देव्हाऱ्यात गेली, आणि तरी धंदा तोट्यात आला. कारखाना त्याने श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. बापूंनी ह्यातून काढलेला निष्कर्ष असा, की रविवर्म्याने किंमत चुकवली. किती असायला हवी होती? "तेच तर काढतोय," बापू म्हणाले.

मग जपान. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट १८३१ च्या सुमाराची, लाकडी ठशांवरून छापलेली. त्या काळी असं एक छापचित्र साधारण वाडगाभर शेवयांच्या किमतीत मिळे. बापूंच्या डोळ्यांपुढे ताबडतोब शेवभाजीची प्लेट आली. म्हणजे खानदेशी छापचित्राची किंमत शेवभाजीइतकी हवी, हे त्यांना ऐतिहासिकदृष्ट्या पटलं. दोन भाकरींसह की भाकरी वेगळी, एवढाच प्रश्न उरला. पण त्याच लाटेची एक प्रत मार्च २०२३ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात २७ लाख डॉलरच्या वर गेली, म्हणजे आपले बावीस कोटी. आता शेवभाजी आणि बावीस कोटी यांच्या मधोमध कुठेतरी बापूंची किंमत होती. मास्तर माणूस, सरासरी काढायला बसला. वहिनींनी पेन्सिल काढून घेतली.

आपल्याला एकट्याला हे जमत नाही म्हटल्यावर बापूंनी समिती बोलावली. ही कल्पना अगदी स्थानिक. शहाद्यात पपईचा दर ठरवायला बाजार समितीत शेतकरी आणि व्यापाऱ्यांच्या बैठका होतात. तिथे आवाज चढतात, काही जण उठून जातात, पुन्हा येतात, आणि शेवटी किलोला काहीतरी आकडा ठरतो. पपईला जे मिळतं ते चित्राला का मिळू नये? बैठक बापूंच्या ओट्यावर, संध्याकाळी, चहा-भजी बापूंकडून. भज्यांचा खर्च नंतर त्यांनी पंचवीस प्रतींवर वाटला, ते वेगळं.

पहिला बोलला पपईवाला. त्याने चित्र हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं. "बापू, हाई कितलाले?"

"तेच ठरवायचं आहे."

"नग किती शेतस?"

"पंचवीस."

"मग बठ्ठा माल एकदम दे. फुटकळ कसाले विकतस?"

सराफ शांतपणे ऐकत होते. त्यांनी चित्र उजेडात धरलं, मागून पाहिलं, आणि व्यवसायातला मूळ प्रश्न विचारला. "समजा गिऱ्हाईक पाच वर्षांनी परत घेऊन आलं. मोडीत किती देणार?"

ओट्यावर शांतता पसरली. चित्र मोडीत घालायला येईल ही शक्यता बापूंनी धरलीच नव्हती. सराफांनी समजावून सांगितलं, की घडणावळ बुडते, पण मालाचे पैसे परत मिळतात, म्हणून तर लोक सोनं घेतात. तुमच्या कागदात माल किती? बापूंनी वही पाहून सांगितलं, "त्रेचाळीस रुपये वीस पैसे." सराफ काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चित्र दोन्ही हातांनी खाली ठेवलं, फार हळू, आणि ते हळूपण बापूंना लागलं.

निवृत्त ग्रामसेवक म्हणाले, आधी तीन दरपत्रकं मागवा. शिंपी म्हणाला, फ्रेमसकट किती नि बिनफ्रेमची किती ते वेगळं सांगा, अस्तराचं आम्ही वेगळंच घेतो. भजी संपली तेव्हा समितीचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं: चित्रं छान आहेत. मग प्रत्येकाने एकेक नेलं. पपईवाल्याने दोन.

मला ह्यात बापूंचं हसू येतं खरं, पण पूर्ण येत नाही. ह्या जिल्ह्यात भाव ठरताना माणूस लहानपणापासून बघतो. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा लिलाव उघड्यावर होतो. गुरांच्या बाजारात दोघं उपरण्याखाली एकमेकांची बोटं चाचपतात आणि चेहरे कोरे ठेवतात. पण दोन्हीकडे माल दुसऱ्याचाही तसाच असतो. मिरचीला मिरची असते, बैलाला बैल. बापूंच्या बुध्याला दुसरा बुध्या नाही. त्याचा भाव सांगायचा म्हणजे स्वतःचाच सांगायचा, आणि स्वतःचा भाव बोलणं आपल्याकडे आजवर लग्नाच्या बाजारातच चाललं. तेही बोलायला मामा पुढे करून.

ऑनलाइन जगात मामा नसतो. तिथे पुतण्या असतो. त्याने सुचवलं, सध्या 'किमतीसाठी इनबॉक्स करा' असं लिहू. बापूंना हे फार आवडलं, कारण त्यात आकडा नव्हता. इनबॉक्समध्ये लोक आले. बापू त्यांना आधी लिनोची माहिती देत, मग शाईची, मग काठीच्या होळीत नाचणाऱ्यांनी किती दिवस पाळणी पाळलेली असते आणि होळी पहाटे कशी पेटते ते सांगत. किमतीपर्यंत येईतो समोरचा झोपलेला असे. एका बाईंनी नेटाने तिसऱ्यांदा विचारलं, तर बापूंनी लिहिलं, "आपल्याला योग्य वाटेल ते." त्यांना पन्नास रुपये योग्य वाटले. बापूंनी पाठवलं चित्र, पोस्टाचा खर्च स्वतः घालून.

मग पुतण्याने बाटाचा मार्ग दाखवला. ५०० लिहायचं नाही, ४९९ लिहायचं. बापूंना तो एक रुपया खुपायचा. आयुष्यभर मुलांना वर्तुळ पूर्ण करायला सांगितलेला माणूस ९९ वर थांबणार कसा? त्यांनी ४९९ लावून प्रत्येक पाकिटात एक रुपयाचं नाणं परत घालावं, असं सुचवलं. पुतण्याने दोन दिवस फोन केला नाही.

फोटोतून आकार कळत नाही म्हणून चित्राशेजारी काडेपेटी ठेवली, तर एकाने विचारलं, काडेपेटी त्यातच येते का. सगळ्यात त्रास झाला 'नाइस वारली!' ह्या शेऱ्याचा. आदिवासी माणूस चित्रात दिसला की शहरातल्या लोकांना ती वारलीच वाटते. बापू प्रत्येकाला उत्तर देत, की वारली तिकडे पालघर-डहाणूची, इकडे भिल्ल, पावरा, मावची, आणि ही तर वारली शैलीही नाही, हे लिनोचं काम आहे. पुतण्या म्हणाला, "काका, वारली म्हणू द्या ना, तीनशे रुपये जास्त मिळतील." ह्या एका बाबतीत बापूंनी क्षणभरही वही उघडली नाही. "त्यांचं नाव त्यांच्यापाशी. आपल्याला नको." मला वाटतं, त्यांच्या किमतीच्या सगळ्या प्रवासात हा एकच आकडा त्यांना आधीपासून ठाऊक होता.

धडगावकडचा त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बुध्याच्या चित्रापुढे उभा राहून म्हणाला, "सर, हा तर माझा काका."

"हो. मागच्या होळीला मी स्केच केलं होतं."

"किती घेता एकाचे?"

"अजून ठरतंय."

"आणि त्यात काकाचे किती?"

बापूंनी त्याच रात्री हिशोबात नवी ओळ घातली: 'काका'. आकड्याची जागा मोकळी. काकांना एक प्रत पाठवली. निरोप आला, चित्र चांगलं आहे, कंबरेला घुंगरं कमी काढली आहेत. बापूंनी ठसा पुन्हा हातात घेतला. पण लिनोवर कोरलेलं भरून काढता येत नाही, आणि घुंगरं पांढऱ्यात गेली होती. दुसरा ठसा कोरला. त्याचे चार दिवस हिशोबात वाढले. काकांनी हा पास केला.

दरम्यान २२ सप्टेंबर २०२५ पासून मूळ छापचित्रांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. बापूंनी पेढे वाटायचे तेवढे ठेवले. कर भरण्याइतकी विक्री होण्याचा योग त्यांना अजून आलेला नव्हता, पण सरकारने सात टक्के सोडले म्हणून त्यांनीही सात टक्के सोडले. कुठल्या किमतीवर, हे त्यांना विचारायचा धीर मला झाला नाही.

डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली. तापीकाठी घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पंचकल्याणी, देवमन. दर वर्षी एखादा घोडा कोटीच्या घरातला म्हणून पेपरात येतो. मालक फेटा बांधून शेजारी उभा असतो, लोक सेल्फी काढतात, घोडा विकला जात नाही. मालकाला तो विकायचा नसतोच. बापूंनी दिवसभर त्या घोड्यापुढे उभं राहून अर्थशास्त्र शिकून घेतलं. किंमत विकण्यासाठी असते हाच आपला गैरसमज होता. ती सांगण्यासाठी असते. घरी येऊन त्यांनी घोड्याच्या चित्राला अकरा हजार लावले. बाकीची चित्रं त्यामुळे आपोआप स्वस्त दिसतील, असा हिशोब. तिसऱ्या दिवशी बंगळुरूहून विचारणा आली, "पैसे कुठे पाठवू?" बापूंना घाम फुटला. एवढ्या पैशाला आपलं चित्र घेणारा माणूस नक्की फसवणारा असणार किंवा फसणारा तरी. त्यांनी चित्रच उतरवून टाकलं आणि कळवलं, घोडा आजारी आहे.

पण खरा घोळ घातला तो पेन्सिलीने. छापचित्राखाली डाव्या कोपऱ्यात प्रतीचा क्रमांक लिहायची जगभर पद्धत आहे. पंचवीस प्रतींतली सातवी असेल तर ७/२५. सगळ्या प्रती छापून झाल्या की ठशावर आडवी रेघ मारून तो रद्द करायचा, म्हणजे सव्विसावी निघणार नाही. बापूंनी हे काटेकोर पाळलं. तसंही, नंबर देण्यात आमचा तालुका देशाच्या पुढे आहे; आधारचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला इथल्याच टेंभलीत वाटले गेले.

पण गिऱ्हाईक म्हणजे तालुक्यातलेच माजी विद्यार्थी. त्यांनी ७/२५ वाचलं आणि हळहळले. "सर, पंचवीसपैकी सातच? एवढं काही वाईट नाहीये." एकाने तर शंका काढली, की सर स्वतःलाही आपल्यासारखंच कडक तपासतात. ३/२५ कुणी घ्यायला तयार होईना, नापासाचं चित्र दिवाणखान्यात कोण लावणार? २५/२५ साठी मात्र तिघं भांडले. क्रमांकाचा दर्जाशी संबंध नसतो हे बापू सांगत राहिले, पण ज्यांना त्यांनी आयुष्यभर मार्क दिले ते ऐकणार कसे? क्रमांकाबाहेर स्वतःसाठी ठेवलेल्या प्रतींवर कलावंत 'ए/पी' लिहितात. त्यातली एक शिंप्याकडे गेली होती. तो पत्ता वाचायला शिकलेला, म्हणाला, "ॲट पोस्ट लिहून पुढे गाव लिहायचं राहिलं बापू."

पुढचं चित्र होतं शेताचं. मागे सातपुडा, मध्ये विहीर, नांगरलेली काळी जमीन. ह्या वेळी कागद कमी होता म्हणून बाराच प्रती निघाल्या. बापूंनी शांतपणे क्रमांक घातले. १/१२, २/१२, ३/१२. वाळत घातलेल्या चित्रांखालून पपईवाला वाकून चालला होता. तो एकाएकी थबकला, चष्मा वर केला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बापू, हाई जमीन कोना नाववर शे?"

ते चित्र होतं ७/१२.

बातमी संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत पोचली. सराफ पहिल्यांदाच स्वतःहून आले आणि मोडीचं काही बोलले नाहीत. ग्रामसेवकांनी विचारलं, बोजा वगैरे नाही ना? उरलेल्या अकरा प्रतींकडे कुणी बघेना. पुतण्याने फोनवर सुचवलं, "काका, बाराच्या बारा प्रतींवर ७/१२ लिहा ना. कोण मोजतंय?" बापू इतके संतापले, की वहिनींनी फोन घेतला. एका जमिनीचे बारा सातबारे काढायला मी काय तलाठी आहे, असं ते मागून ओरडत होते.

इन्स्टाग्रामवर चित्र गेलं आणि इनबॉक्स भरला. पहिल्याच माणसाने लिहिलं, ऑनलाइन सातबाऱ्याची प्रिंट सरकार पंधरा रुपयांत देतं, तुमची केवढ्याला? बापूंकडे ह्याला उत्तर नव्हतं. दोन्ही प्रिंटच. सरकारीवर डिजिटल सहीसुद्धा असते.

मग पुण्याहून एकाचा निरोप आला. आजोबांची नवापूरकडची जमीन उकाई धरणाच्या पाण्यात गेली. तेव्हापासून आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर सातबारा नाही. हा मिळेल का? जी किंमत असेल ती.

बापूंनी वही उघडली, मिटली, आणि अर्ध्या मिनिटात उत्तर लिहिलं. इतक्या वेगाने त्यांनी किंमत कधी सांगितली नव्हती. "पंधरा रुपये. सरकारी दर."

तिकडून दीड हजार आले. बापूंनी १४८५ परत पाठवले. तिकडून पुन्हा हजार आले, सोबत हात जोडलेलं चित्र. बापूंनी पुन्हा परत पाठवले. असा उलटा सौदा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. घेणारा चढवतोय, देणारा उतरवतोय, आणि दोघंही हट्टाला पेटलेले. बँकेतल्या ओळखीच्या पोराने विचारलं, बापू, खात्यावर हे काय चाललंय, कुणी फसवत तर नाही ना? चौथ्या दिवशी रात्री अकराला फोन पुन्हा वाजला, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"भाऊजी, तुम्हीच सांगा, ह्या घरात कुणी झोपायचं की नाही?" मी त्या वेळी तिथे का होतो ते विचारू नका, ह्या सौद्याला प्रेक्षक बरेच जमत. वहिनींनी बापूंच्या हातून फोन घेतला, तिकडच्याला म्हणाल्या, "सातशे बारा पाठवा. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. पोस्टाचे वेगळे." तिकडून आनंदाने "हो वहिनी" असं ऐकू आलं. एका मिनिटात ७१२ जमा झाले. बापूंनी वहीत पाहिलं. रोजगार हमीपेक्षा कितीतरी वर आणि वेतन आयोगापेक्षा थोडं खाली. त्यांनी आक्षेप घ्यायला तोंड उघडलं, पण आक्षेप सापडेना.

चित्र निघालं. कापडाच्या दुकानातून सुरतच्या ताग्यांतली पुठ्ठ्याची नळी फुकट मिळते, तीत गुंडाळून वहिनींनी स्वतः पत्ता घातला, आणि रिकाम्या जागेत बिबड्यांचं एक पाकीट सरकवलं. बिबड्यांचे वेगळे ऐंशी लावले होते, हे बापूंना नंतर कळलं.

आठवड्याने पुण्याहून फोटो आला. भिंतीवर फ्रेम, खाली सगळं कुटुंब ओळीने उभं, मधोमध आजी खुर्चीत. खाली लिहिलं होतं: सातबारा पोचला, बिबड्या संपल्या. आता आठ-अ कधी काढताय? पाचशे जास्त देऊ.

बापू ताडकन उठले, वही घेऊन ओट्यावर आले, नवं पान काढलं. आठ-अ म्हणजे प्रती किती छापायच्या, 'अ' कुठे बसवायचा, आणि किंमत सातबाऱ्याच्या वर ठेवायची की खाली, असा तिहेरी प्रश्न होता. पेन्सिल कानावरून काढत त्यांनी आत हाक मारली, "अहो, ऐकलंत का? आठ-अ चे किती घ्यावेत?"

आतून वरणाला फोडणी बसल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वहिनींचा.

"तलाठ्याला विचारा, तो किती घेतो!"